मोठे अक्षर आणि नेमके विधान
(प्राथमिक शिक्षकांसमोरील भाषणाचा मजकूर)



इंग्रजी शिकू लागलेले खेड्यातील मूल पहिल्या काही दिवसांतच एक प्रश्न विचारते आणि त्याचे उत्तर त्यास बहुधा मिळत नाही. ‘मी’ ह्या अर्थाचे ‘आय’ हे अक्षर वाक्यात कोठेही आले तरी मोठेच का लिहावयाचे? ‘तू’ लहान, ‘तो’ लहान, ‘आम्ही’सुद्धा लहान, आणि ‘मी’ तेवढा मोठा! इंग्रज लोक स्वतःस फार मोठे समजत होते काय, असे एखादा धीट मुलगा विचारतोही. गुरुजी हसतात, ‘तसा नियमच आहे’ म्हणतात आणि फळ्यावर पुढचा शब्द लिहू लागतात.

वास्तविक त्या मुलास उत्तर देता येण्याजोगे आहे व ते रंजकही आहे. इंग्रजीत पूर्वी ह्या शब्दात एकाहून अधिक अक्षरे होती. उच्चार झिजत गेला तशी अक्षरे गळाली आणि शेवटी एक बारीक उभी रेघ तेवढी उरली. हस्तलिखितांच्या त्या काळात अशी एकटी रेघ शेजारच्या अक्षरांत मिसळून जाई. ती वाचणाऱ्याच्या नजरेस पडावी म्हणून लेखनिक ती उंच काढू लागले व तीच रूढी पुढे नियम होऊन बसली. तेव्हा ह्या मोठेपणाच्या मुळाशी अहंकार नाही. वाचकाची सोय आहे. हे एवढे सांगितले की मुलाचे समाधान होते, आणि लेखनातील नियम कोणाच्या तरी सोयीसाठी जन्मास येतात ही गोष्ट त्याच्या मनात रुजते. मोठ्या अक्षरांचे सर्व नियम ह्याच दृष्टीने शिकविता येतात.

मराठवाड्यातील मुलास हा विषय अपरिचित वाटावा ह्यास सबळ कारण आहे. त्याच्या घरातील कोणत्याही लिपीत अक्षरांच्या लहानमोठ्या अशा दोन जाती नाहीत. देवनागरीत नाहीत. जुन्या दप्तरांतील मोडीत नाहीत. मोडीत तर ओळीची रेघ आधी ओढून घेत, तिच्याखाली मजकूर सलग लिहीत जात आणि दोन शब्दांमध्ये जागाही सोडीत नसत. निजामाच्या राज्यात १८८४ पासून कारभाराची भाषा उर्दू होती व १९४८ पर्यंत ह्या भागातील शाळा-कचेऱ्यांतून ती चालली. तिच्या लिपीतही हा भेद नाही. बिडकीनसारख्या गावात, जेथे मराठी व उर्दू ह्या दोन्ही भाषा शेजारी नांदतात, तेथील मूल कोणत्याही घरातून आले तरी मोठे अक्षर त्यास प्रथम भेटते ते इंग्रजीच्या पुस्तकातच. महाराष्ट्रात २००० सालापासून ही भेट पहिल्या इयत्तेतच होते.

असे असले तरी मोठेपणा दाखविण्याची साधने मराठीत नव्हती असे मुळीच नाही. एका माणसासाठी अनेकवचनी क्रियापद, नावापुढे ‘राव’ किंवा ‘बाई’, आरंभी ‘श्री’, पत्राच्या माथ्यावर लांबलचक मायना ही सारी आदर व्यक्त करण्याचीच साधने होत. मराठी माणसाने आदर शब्दात घातला, अक्षराच्या आकारात घातला नाही. म्हणूनच मोठे अक्षर म्हणजे मान देण्याची खूण अशी मुलांची चटकन समजूत होते, आणि बहुतेक चुका ह्या एका समजुतीतून निपजतात.

दोन्ही पद्धती शेजारी शेजारी पाहावयाच्या असतील तर बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ आठवावे. ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू झालेल्या ह्या पत्रात एका पानावर दोन स्तंभ असत, एक इंग्रजी व एक मराठी. इंग्रजी स्तंभात वाक्यारंभी व विशेषनामांस मोठे अक्षर. शेजारच्या मराठी स्तंभात मजकूर तोच, पण अक्षरे एकाच उंचीची. पुढे मेजर टॉमस कँडी ह्यांनी १८५० च्या सुमारास मराठीसाठी विरामचिन्हांची पद्धती मांडली, आणि इंग्रजीतील पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, अवतरणचिन्ह ही सारी मंडळी हळूहळू मराठीत स्थायिक झाली. मोठे अक्षर मात्र आले नाही. चिन्ह दुसऱ्या लिपीतून उसने आणता येते. अक्षराची जोडी उसनी आणता येत नाही.

इंग्रजीत तरी ही जोडी कोठून आली? रोमन लोकांच्या शिलालेखांत सर्व अक्षरे मोठीच आहेत. छिन्नीने दगडावर कोरण्यास ती सोईची. बोरूने भराभर लिहिताना त्यांना गोलाई येत गेली, आणि आठव्या शतकाच्या अखेरीस शार्लमेन राजाच्या अमदानीत एक सुटसुटीत लहान वळण युरोपात प्रस्थापित झाले. पुढे दोन्ही वळणे एकाच पानावर नांदू लागली: लहान अक्षर चालण्यासाठी, मोठे अक्षर थांबवून दाखविण्यासाठी. छापखाने निघाल्यावर खिळे जुळविणारा मोठ्या अक्षरांचे खिळे वरच्या पेटीत व लहान अक्षरांचे खालच्या पेटीत ठेवू लागला. इंग्रजीत ह्या अक्षरांस ‘अपर केस’ व ‘लोअर केस’ म्हणतात ते ह्या पेट्यांवरूनच.

आता नियमांकडे वळावयास हरकत नाही. वाक्याचा आरंभ मोठ्या अक्षराने करावयाचा, हा नियम मुले लवकर शिकतात व तितक्याच लवकर विसरतात, कारण पूर्णविराम देण्याचेच ती विसरतात. येथे दोष मोठ्या अक्षराचा नसून वाक्य कोठे संपले हे न कळण्याचा आहे, व त्यावर उपाय मराठीच्या तासालाच व्हावयास हवा. अवतरणचिन्हातील बोलणे मोठ्या अक्षराने सुरू होते, हे त्याच नियमाचे उपांग होय.

खरा कस लागतो तो विशेषनामांपाशी. सामान्यनाम व विशेषनाम हा भेद मराठी व्याकरणातही आहे, परंतु मराठीत तो पाठ म्हटला तरी चालतो. इंग्रजीत तो डोळ्यांना दिसावा लागतो. ‘नदी’ लहान, ‘गोदावरी’चा ‘जी’ मोठा. ‘गाव’ लहान, ‘बिडकीन’चा ‘बी’ मोठा. ‘धरण’ लहान, ‘जायकवाडी’चा ‘जे’ मोठा. सूर्य व चंद्र सामान्यतः लहान अक्षराने लिहितात, मंगळ व शुक्र मोठ्या; हे ऐकून मुले चकित होतात आणि म्हणूनच लक्षात ठेवतात. सूर्याहून मंगळ काही मोठा नव्हे! येथेच मोठेपणाची समजूत ढळते. आकाराने, मानाने अथवा महत्त्वाने मोठी वस्तू मोठ्या अक्षराने लिहावयाची हा नियमच नाही. जिचे स्वतःचे असे नाव आहे ती मोठ्या अक्षराने लिहावयाची.

काही ठिकाणी मराठी मुलाने सावध राहिले पाहिजे. वार व महिने इंग्रजीत मोठ्या अक्षराने, ऋतू मात्र लहान. ‘जून’ मोठा आणि ‘पावसाळा’ लहान. दिवाळी व ईद मोठ्या अक्षराने, ‘सण’ लहान. भाषांची नावे सदैव मोठी, म्हणून शाळेच्या विषयांत ‘मराठी’ व ‘इंग्रजी’ मोठ्या अक्षराने येतात आणि शेजारी ‘गणित’ व ‘विज्ञान’ लहान राहतात; गणिताच्या शिक्षकांनी ह्यात राग मानण्याचे कारण नाही. उत्तर, दक्षिण ह्या दिशा लहान, परंतु ‘उत्तर भारत’ हे प्रदेशाचे नाव झाल्यामुळे मोठे. ‘माझे वडील’ म्हणताना ‘फादर’ लहान, आणि नावाच्या ऐवजी नुसती हाक मारली तर तोच शब्द मोठा. पदनामांचे असेच आहे. नावाला जोडून किंवा सहीखाली आले की मोठे अक्षर. सर्वसाधारण अर्थाने, म्हणजे ‘एक मुख्याध्यापक’ किंवा ‘कोणी अधिकारी’ अशा बोलण्यात, लहान.

पत्रलेखनात एक बारीकशी खोड हमखास आढळते. पत्राच्या शेवटी ‘युअर्स फेथफुली’ लिहिताना केवळ पहिल्या शब्दाचा ‘वाय’ मोठा. दुसऱ्या शब्दाचा ‘एफ’ लहान. सुशिक्षितांच्या पत्रांतही दोन्ही मोठे सापडतात. आरंभीच्या ‘डिअर सर’मध्ये मात्र दोन्ही मोठे, आणि त्यानंतर स्वल्पविराम असला तरी मजकुराची पहिली ओळ मोठ्याच अक्षराने सुरू होते.

वळणाविषयी एकच सूचना. ‘सी’, ‘ओ’, ‘एस’, ‘व्ही’, ‘डब्ल्यू’, ‘एक्स’, ‘झेड’ ह्या अक्षरांचे लहान व मोठे छापील रूप सारखेच असते, फरक केवळ उंचीचा. ज्या मुलाने चार रेघांची वही वापरली नाही त्याच्या शब्दांच्या मध्येच ही अक्षरे मोठी होतात. अशा मुलास नियम पुनःपुन्हा सांगून उपयोग नाही. त्याच्या हाती रेघांची वही द्यावी.

सबंध मजकूर मोठ्या अक्षरांत लिहिण्याची सवय मात्र वेगळी आहे व तिचा विचार थोडा विस्ताराने करावयास हवा. बँकेच्या किंवा परीक्षेच्या अर्जावर ‘मोठ्या अक्षरांत लिहा’ अशी सूचना असते. तेथे एकेका चौकटीत एकेक सुटे अक्षर यावयाचे असते व नाव वाचण्यात घोटाळा होऊ द्यावयाचा नसतो, म्हणून ती योग्यच आहे. परंतु काहींस वाटते की, जे महत्त्वाचे ते सारे मोठ्या अक्षरांत लिहावे. म्हणजे वाचणाऱ्यावर अधिक परिणाम होईल. अनुभव उलट आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे माइल्स टिंकर ह्यांनी छापील मजकुराच्या वाचनीयतेवर अनेक वर्षे प्रयोग केले. सर्व मोठ्या अक्षरांतील मजकूर वाचण्यास लोकांना अधिक वेळ लागतो असे त्यांना आढळले. लहान अक्षरांतील शब्दास वरखाली निघणाऱ्या दांड्यांमुळे एक आकृती येते. मोठ्या अक्षरांतील शब्द विटेसारखा सपाट दिसतो. अधिक ठळक करू जावे तो अधिक दुर्बोध होते.

आता हीच गोष्ट अक्षरांवरून विधानांवर नेऊन पाहावी. शब्दांचीही मोठी अक्षरे असतात. ‘अत्यंत’, ‘भयानक’, ‘सर्वच्या सर्व’, ‘कधीही नाही’, ‘कोणीही नाही’ हे शब्द तशाच जातीचे. आणि खेड्यातील शिक्षकास त्यांच्याशी नित्य गाठ पडते, कारण गावातील अर्ज बहुधा त्याच्याच हातून लिहिला जातो. शाळेचा अर्ज तर त्याचाच. परंतु पाण्याच्या नळाचा, रस्त्याचा, विधवेच्या निवृत्तिवेतनाचा, पीकनुकसानीचाही अर्ज घेऊन लोक शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसतात. ह्या अर्जांनी कोणाचे तरी मन वळवावयाचे असते. कचेरीतील मनुष्याचे मन वळले नाही तर मुलांच्या डोक्यावरचे छप्पर तसेच गळत राहते.

सरावासाठी असा एक अर्ज कल्पून पाहावा. ‘आमच्या शाळेची अवस्था अत्यंत भयानक झाली आहे. संपूर्ण छप्पर गळते. मुलांचे प्राण धोक्यात आहेत. वारंवार कळवूनही कोणीही दखल घेत नाही. सर्व ग्रामस्थ संतप्त आहेत. तरी ताबडतोब नवी इमारत मंजूर करावी.’ लिहिणाऱ्याची कळकळ खरी आहे ह्यात शंका नाही. परंतु हा अर्ज पैठणच्या पंचायत समितीत पोचला की वाचणाऱ्याच्या हाती काय लागते? शाळा कोणती, खोल्या किती, गळतात किती, कधी कळविले, कोणास कळविले, ह्यांपैकी काहीच नाही. असाच अर्ज दुसऱ्या दहा गावांहून आला तर कोणाचे काम आधी करावयाचे हे त्याने कशावरून ठरवावे? दहाही अर्जांत अवस्था ‘अत्यंत भयानक’च असणार.

त्याच शाळेचा, तसाच कल्पिलेला, दुसरा अर्ज पाहावा. ‘शाळेत चार खोल्या आहेत. त्यांपैकी उत्तरेकडील दोन खोल्यांचे पत्रे सात ठिकाणी गळतात. जुलै महिन्यात शाळा २४ दिवस भरली. त्यांपैकी ९ दिवस ह्या दोन खोल्यांतील ५३ मुलांना व्हरांड्यात बसवावे लागले. त्या दिवसांच्या तारखांची नोंद शाळेत आहे. १२ जून व १७ जुलै रोजी पाठविलेल्या पत्रांच्या पोचपावत्या सोबत जोडल्या आहेत. उरलेल्या दोन खोल्या कोरड्या आहेत. नवी इमारत मिळेपर्यंत निदान पत्रे बदलून मिळावेत.’

ह्या अर्जात एकही जळजळीत शब्द नाही. तरी वाचणारा व्हरांड्यातील ५३ मुले डोळ्यांसमोर पाहतो. ‘उरलेल्या दोन खोल्या कोरड्या आहेत’ हे वाक्य विशेष विचार करण्याजोगे आहे. पुष्कळ शिक्षक म्हणतील की, हे वाक्य लिहून आपणच आपली बाजू लंगडी का करावी? परंतु तपासणीस येणारा अधिकारी त्या दोन खोल्या पाहणारच आहे. अर्जात ‘संपूर्ण छप्पर’ असे लिहिलेले असेल तर त्या दोन कोरड्या खोल्या पाहून त्याचा उरलेल्या साऱ्या अर्जावरचा विश्वास उडतो. त्या खोल्यांचा उल्लेख आधीच केला असेल तर उरलेला अर्ज तो न मोजताही खरा मानतो. आपल्या विरुद्ध जाणारी गोष्ट आपणच सांगणे हे मन वळविण्याचे सर्वांत जुने व सर्वांत कमी वापरले जाणारे साधन होय.

हे दोन्ही अर्ज सातवीच्या मुलांकडून इंग्रजीत करवून घ्यावे आणि मोठी अक्षरे मोजण्यास सांगावे. पहिल्या अर्जात वाक्यारंभ सोडले तर एकाही शब्दास नियमाने मोठे अक्षर येत नाही. त्यात एकही विशेषनाम नाही, एकही महिना नाही. दुसऱ्यात ‘जून’ आला, ‘जुलै’ दोनदा आला. वर शाळेचे, गावाचे व पंचायत समितीचे नाव घातले की आणखी भर पडते. ‘उत्तरेकडील’ पाशी मुले फसतील व ‘एन’ मोठा काढतील. ती फसू द्यावी आणि मग दिशा व प्रदेश ह्यांचा नियम पुन्हा सांगावा. मोठ्या अक्षराचा नियम ‘नेमके कोण? नेमके कोठे? नेमके केव्हा?’ एवढेच विचारतो, आणि वस्तुनिष्ठ लेखनही आरंभी तेच विचारते. त्यामुळे एका तासात दोन्ही धडे होतात. अर्थात नावे आणि तारखा कोंबल्या म्हणजे लेखन वस्तुनिष्ठ झाले असे नाही. खोट्या विधानासही तारीख घालता येते.

विधान खरे वाटणे आणि ते सिद्ध करता येणे ह्यांतील अंतर केवढे असते, ह्याचे महाराष्ट्राच्या इतिहासातील एक उदाहरण शिक्षकांनी अवश्य जाणून घ्यावे. १८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेले होते. वय अवघे तीस-एकतीस. पुण्यात त्या वेळी प्लेगचा कहर चालू होता, आणि घरोघर तपासणी करणाऱ्या गोऱ्या सैनिकांच्या वर्तनाविषयी गोखल्यांस पुण्याहून स्नेह्यांची पत्रे येत होती. त्यांत स्त्रियांवरील अत्याचाराचे गंभीर आरोप होते. गोखल्यांनी पत्रे लिहिणारांवर विश्वास ठेवून ते आरोप ‘मँचेस्टर गार्डियन’ पत्रातून प्रसिद्ध केले. तिकडे खळबळ उडाली, सरकारने आरोप नाकारले व पुरावा मागितला. परत आल्यावर गोखल्यांस पुरावा उभा करता येईना. ज्यांनी पत्रे लिहिली त्यांची नावे उघड करणेही शक्य नव्हते. ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांनी आरोप मागे घेऊन जाहीर क्षमा मागितली. त्याबद्दल त्यांस स्वजनांचीही कठोर टीका सोसावी लागली.

प्लेगच्या तपासणीने पुणेकरांस जाच झाला नव्हता असा ह्याचा अर्थ नव्हे. तो जाच उघड होता व अनेकांनी तो नोंदविला आहे. घरात शिरणे, सामान बाहेर काढणे, देवघर विटाळणे ह्या डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टींचेच विधान केले असते तर ते कोणास खोडता आले नसते. ऐकीव विधान सर्वांत भयंकर होते म्हणून तेच पुढे गेले, आणि ते पडले तेव्हा खऱ्या तक्रारींचाही आवाज क्षीण झाला.

गोखल्यांच्या पुढील भाषणांकडे पाहिले म्हणजे तयारीला किती मोल आहे ते कळते. २६ मार्च १९०२ रोजी केंद्रीय विधिमंडळात अंदाजपत्रकावर ते बोलले. सरकार शिल्लक दाखवून देशाच्या भरभराटीचा डांगोरा पिटत होते. गोखल्यांनी ती शिल्लक नाकारली नाही. सरकारचेच आकडे घेऊन त्यांनी दाखविले की, रुपयाचा विनिमयदर चढविल्यामुळे सरकारचा इंग्लंडमधील खर्च रुपयांत कमी झाला आहे, कर मात्र पूर्वीच्या चढ्या दरानेच घेतले जात आहेत. म्हणून शिल्लक ही लोकांच्या सुबत्तेची खूण नव्हे. मिठावरील कर कमी करावा ही त्यांची मागणी होती, आणि पुढील वर्षी, १९०३ साली, तो मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. त्यांच्या आकड्यांच्या तयारीत गणेश व्यंकटेश जोशी ह्यांचे फार मोठे साहाय्य असे. हे जोशी शिक्षण खात्यातील शिक्षक होते. शाळा सांभाळून सरकारी अहवालांतील आकडे ताडून पाहणाऱ्या ह्या मास्तरांचे नाव शिक्षकांच्या बैठकींत फारसे ऐकू येत नाही, हे आश्चर्य आहे.

प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्यासाठी गोखल्यांनी मार्च १९११ मध्ये विधेयक आणले तेव्हाही त्यांनी तीच रीत पाळली. हिंदुस्थानात हे अशक्य आहे, असे विरोधकांचे म्हणणे. त्यावर सयाजीराव गायकवाडांनी बडोदे संस्थानात १८९३ साली अमरेलीत प्रयोगादाखल व १९०६ पासून संस्थानभर सक्तीचे शिक्षण चालविले आहे, हा दाखला पुढे ठेवण्यात आला. मागणीही मर्यादित: प्रथम सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती, ज्या स्थानिक संस्थांस हवे त्यांच्यापुरती. तरीही मार्च १९१२ मध्ये विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. मांडणी निर्दोष असली म्हणजे यश मिळतेच असे नाही, हेही मुलांपासून लपवू नये. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देशात कायद्याने अंमलात आला तो १ एप्रिल २०१० रोजी.

वस्तुनिष्ठ लिहावे म्हणजे कोरडे लिहावे, मनातील संताप गिळून टाकावा, अशी काही शिक्षकांची समजूत असते. तिला उत्तर जोतीराव फुल्यांच्या लेखनात मिळते. १८८२ साली हंटर आयोगाकडे त्यांनी इंग्रजीत एक निवेदन दिले. त्यावर १९ ऑक्टोबरची तारीख आहे. सहीखाली त्यांनी आपण व्यापारी, शेतकरी व नगरपालिकेचे सभासद असल्याचे नमूद केले. आरंभी, बोलण्याचा अधिकार कोणत्या अनुभवावरून घेतला ते सांगितले: मुलींसाठी व अस्पृश्य मानलेल्या जातींसाठी काढलेल्या शाळा. मग सरकारच्या महसुलाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरील खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, ही विसंगती मांडली. पुढे मागण्या, आणि त्या नेमक्या: निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे, शिक्षक प्रशिक्षित असावेत, कोणाही शिक्षकास बारा रुपयांहून कमी वेतन नसावे, मोठ्या गावी पंधरा ते वीस असावे. ज्या लेखणीने १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि निवेदनाच्या पुढच्याच वर्षी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला, तीच ही लेखणी. असुडात संताप उघड आहे, निवेदनात तो विधानांच्या निवडीत आहे. कोणत्या वाचकासमोर काय ठेवावे ह्याचे ज्ञान फुल्यांस होते.

वर्गात ह्याचा अभ्यास घेण्यास बिडकीनच्या शाळांस विषय दूर शोधावयास नको. गावाजवळ ७८५५ एकरांचे औद्योगिक क्षेत्र आखण्यात आले व २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ते राष्ट्रास अर्पण झाले. ‘औद्योगिक क्षेत्र आणि आमचे गाव’ असा निबंध घातला तर अर्धी मुले लिहितील की सर्वांचे कल्याण झाले, आणि अर्धी लिहितील की सर्वांचे वाटोळे झाले. घरी जे कानांवर पडते तेच वहीत उतरते. शिक्षकाने लाल शाईने फक्त ‘सर्वांचे’ ह्या शब्दाखाली रेघ ओढावी व वही परत द्यावी. दुसऱ्या दिवशी प्रत्येक मुलाने तीन घरी विचारून यावे: जेथील जमीन गेली असे एक घर, जेथील कोणी कामाला लागला असे एक घर, आणि जेथे ह्यांपैकी काहीच घडले नाही असे तिसरे. वहीत दोन रकाने आखावे. एकात पाहिलेले किंवा मोजलेले, दुसऱ्यात ऐकलेले, व ऐकलेल्यापुढे कोणी सांगितले ते. मत त्यानंतर लिहावे. मत लिहूच नये असे नव्हे. मन वळविणारे लेखन मताशिवाय होतच नाही. परंतु ते ह्या दोन रकान्यांच्या खाली यावे, वर नव्हे.

ह्यात एक अडचण येते ती सांगितली पाहिजे. मुले दुसरा रकाना भरभरून आणतात, पहिला जवळजवळ रिकामा असतो. ‘असे म्हणतात’, ‘असे समजते’ ह्या शब्दांनी सुरू होणारी वाक्ये मराठीत विपुल आहेत व त्यांत म्हणणारा कोण ते दडून राहते. अशा वेळी त्या मुलास पुन्हा त्याच घरी पाठवावे आणि एकच गोष्ट मोजून आणण्यास सांगावे: किती गुंठे, किती मैल, कामावर जाण्यास किती वाजता निघावे लागते, येणे किती वाजता. एक मोजलेली ओळ घेऊन आलेले मूल मग तीच ओळ इंग्रजीत लिहू लागते आणि विचारते की, बिडकीनचा ‘बी’ मोठा, पैठणचा ‘पी’ मोठा, तर ‘आमचे शेत’ लहान का? त्या शेतास काही नाव आहे काय, असे त्यास विचारावे. पुष्कळ शेतांस असते. असले तर ते मोठ्या अक्षराने लिहावयाचे.